दुखरा अंगठा, काळी एक आणि दहा आठवड्यांवरचं नवरात्र

वाचकाचं पत्र

मी कळव्याला राहतो, नोकरी ऐरोलीत, वय ३१. सात वर्षं बेस गिटार वाजवतो. त्यातली शेवटची दोन ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्राबरोबर. यंदा नवरात्राच्या नऊही रात्रींची सुपारी आली, म्हणून जूनच्या सुरुवातीपासून ऑफिसहून आल्यावर रोज सलग अडीच-तीन तास सराव करू लागलो. गेले पाच आठवडे डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखतंय. बाटलीचं झाकण फिरवताना कळ येते. आठवड्यातून दोन-तीनदा रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. उजव्या तर्जनीला फोड आलाय तो वेगळाच. ऑर्केस्ट्रातले म्हणतात, अंगावर काढ, हात बनतो. एकाने रबरी चेंडू दाबायला सांगितलाय. माझी बोटं आखूड आहेत, तर शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांचा, बेस घेऊ का? सध्याचा बेस चार तारांचा, तारेची लांबी ३४ इंच, तारांची जाडी ४५-१०५. पट्टा लांब आहे, बेस जवळजवळ मांडीपर्यंत येतो. आमचा मुख्य गायक बहुतेक सगळं काळी एकमध्ये गातो. ऑफिसला बाइकने जातो. नवरात्राला दहा आठवडे आहेत. काय करू?

एक वाचक, कळवा

उत्तर

"अंगावर काढ" हा सल्ला आधी बाजूला ठेवा, कारण तो पाळलात तर पुढचं सगळं वाया जाईल. वाजवून वाजवून बोटांच्या टोकांची कातडी बनते, जाड होते, हे खरंच आहे. पण बोटं हलवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, तशा बनत नाहीत. त्या आपापल्या अरुंद नळीतून मागेपुढे सरकतात. नळीत सूज असताना त्यांना ओढत राहिलात तर सूज वाढते, नळी आणखी आवळते. तुमचं दुखणं पाच आठवडे टिकलंय आणि आता झाकण फिरवतानाही कळ येते, म्हणजे ते सरावापुरतं राहिलेलं नाही. या आठवड्यातच हाडांच्या किंवा हाताच्या डॉक्टरांना दाखवा. खासगीत जायचं नसेल तर तुमच्या कळव्यातच छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची ओपीडी आहे. डॉक्टरांना नुसतं "मनगट दुखतं" असं सांगू नका. बेस वाजवता हे सांगा, दिवसाला किती तास ते सांगा, आणि डावा हात बेसच्या मानेभोवती (तारा दाबायच्या लांब दांड्याभोवती) कसा धरता ते करून दाखवा.

तुमच्या वर्णनावरून दोन वेगळ्या गोष्टी एकाच हातात चाललेल्या दिसतात. नक्की काय ते डॉक्टरच ठरवतील, पण फरक तुम्हाला कळलेला बरा.

पहिली, अंगठ्याच्या बुडाची. अंगठा बाहेर आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एकाच छोट्या नळीतून जातात. ती नळी सुजली की होणाऱ्या त्रासाला, १८९५ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या स्विस शल्यविशारदाच्या नावावरून, डी क्वेर्व्हेन म्हणतात. एकदाच, हळू करून बघा: अंगठा तळहातात घेऊन त्यावर मूठ मिटा आणि मनगट करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याकडच्या कडेला सणसणीत कळ आली तर संशय इथेच. पुन्हा पुन्हा करून पाहू नका, तपासणीनेच जागा चिडते. तोवर मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणं बंद. फोन टेबलावर ठेवून तर्जनीने करा.

दुसरी, रात्रीच्या मुंग्यांची. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांचा आणि एका चिवट पट्टीचा बोगदा असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना त्या नसेची. झोपेत मनगट मुडपलं की बोगद्यातला दाब वाढतो, नस चेपते, मुंग्या येतात. तुमची नेमकी हीच बोटं आहेत. मेडिकलमध्ये मनगट सरळ ठेवणारा, आत पट्टी असलेला स्प्लिंट मिळतो; तो रात्री झोपताना बांधा, घट्ट आवळू नका. तो बांधून वाजवायचं मात्र नाही: मनगट अडकलं की बोटं आणि खांदा भलतीकडून जोर काढतात. घरात मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर रक्ताची तपासणीही करून घ्या. दोन्हींमध्ये ही नस लवकर चेपते, आणि मग हातावर कितीही कष्ट घेतले तरी मूळ तसंच राहतं.

मुंग्या दिवसाही राहू लागल्या, हातातून वस्तू निसटू लागल्या, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बारीक दिसू लागला किंवा बोट मिटल्यावर अडकून खटकन उघडू लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला बसू नका. कुठे थांबायचं ते वेदनाच सांगते. ती बंद केली तर थांबण्याची खूण हरवते.

आता बेसकडे. दुखणं अंगठ्यात आहे, पण ते येतं जादा जोरातून, आणि तो जोर कुठून येतो हे शोधल्याशिवाय विश्रांतीनंतर तुम्ही पुन्हा तिथेच येऊन उभे राहाल. तुमच्या पत्रात असा जोर निदान पाच ठिकाणी दिसतो.

सगळ्यात मोठा पट्ट्यात. हे वाचताना एक करून बघा. डावं मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण मुडपा आणि त्याच स्थितीत घट्ट मूठ मिटायचा प्रयत्न करा. मिटत नाही. आता मनगट सरळ करा आणि मिटा; सहज मिटते. बोटं मिटवणारे स्नायू कोपराजवळ असतात, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट मुडपलं की दोरी सैल पडते आणि तेवढाच दाब द्यायला स्नायूला कितीतरी जास्त ओढावं लागतं. बेस मांडीपर्यंत लोंबत असेल तर पहिल्या चार फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) बोटं पोचवायला मनगट असंच मुडपावं लागतं, तेही रात्रीचे तीन तास.

बसून नेहमीसारखा बेस मांडीवर घ्या, पट्टा अंगावर असू द्या. पट्टा ओढून इतका आखूड करा की बसल्यावरही तो ताणलेला राहील. मग उभे राहा. बेस बसताना होता तिथेच राहिला पाहिजे. मानेचं टोक साधारण खांद्याच्या उंचीला आणा आणि मान जमिनीला समांतर न ठेवता ३० ते ४५ अंश वर झुकवा. आता डावं मनगट जवळपास सरळ दिसेल. रंगमंचावर हे रुबाबदार दिसत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण नवव्या रात्री नुसतं उभं राहून दिसायचं नाही, वाजवायचंही आहे.

पट्टा आखूड केल्यावर दोन्ही हात सोडून बघा. मान खाली घसरते का? घसरत असेल तर तुमचा डावा हात वाजवण्याबरोबर हमालीही करतोय, आणि तो भार अंगठ्यावर येतो. गुळगुळीत नायलॉनचा दोन इंची पट्टा काढून आतून खरखरीत चामड्याचा तीन-साडेतीन इंची घ्या. तो खांद्यावर सरकत नाही. बहुतेक बेस साडेतीन ते साडेचार किलोंचे असतात, रुंद पट्ट्याने मान-खांद्यालाही आराम पडतो. तरी घसरत असेल तर टोकावरच्या जड चाव्या बदलून हलक्या बसवता येतात. हा खर्च मात्र आधी पट्टा बदलून बघितल्यावरच करा.

दुसरी जागा अंगठ्याची पकड. बहुतेक जण मान सांडशीत धरावी तशी धरतात: पुढून बोटं, मागून अंगठा. तार दाबायला एवढं बळ लागत नाही. किती लागतं ते मोजता येतं. डी तारेवर ७व्या फ्रेटच्या अगदी मागे, त्या पट्टीला खेटून, मधलं बोट नुसतं टेकवा. उजव्या हाताने एकेक ठोका देत राहा. आधी "टप्प" असा मेलेला आवाज येईल. दाब केसाकेसाने वाढवा. आधी खरखर येईल, मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथेच थांबा, चार ठोके ऐका, आणि मग नेहमी दाबता तेवढं दाबा. स्वरात फरक पडणार नाही, हातात केवढा पडतो ते कळेल. या दोन दाबांमधलं अंतर म्हणजेच तुमचं दुखणं. हेच दोन फ्रेटच्या मधोमध बोट ठेवून करा; स्वर स्वच्छ व्हायला जास्त दाब लागेल. म्हणून बोट नेहमी फ्रेटच्या जवळ, मागच्या बाजूला.

पुढची पायरी: अंगठा मानेपासून एक सेंटिमीटर दूर नेऊन एखादी सोपी ओळ वाजवा. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग बेसच्या अंगावर टेकलेला असतो, तो बेसला बरगड्यांकडे हलकं दाबून धरतो. डाव्या हाताचं स्वतःचं वजन बोटांमधून तारेवर येतं. दोन मिनिटं असं वाजवलं की अंगठ्याशिवाय काम होतं हे हाताला पटतं. मग अंगठा परत ठेवा, मधल्या बोटाच्या साधारण मागे, मानेच्या मध्यावर, फक्त जागा दाखवण्यापुरता. हे कायम अंगठा उचलून वाजवण्यासाठी नाही, सवय मोडण्यासाठी आहे.

याच्याशी जोडलेला तुमचा आखूड बोटांचा प्रश्न. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर अंतर असतं. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तेच सव्वादहाच्या आसपास येतं. "एका फ्रेटला एक बोट" हा गिटारवरून आलेला नियम खालच्या फ्रेटवर लांब बोटांनाही जड जातो. उभ्या डबल बेसवाल्यांनी हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सोडवलाय. व्हिएन्नात शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते: तर्जनी, मधलं बोट, आणि अनामिका-करंगळी दोन्ही मिळून एक. अशी तीन बोटं तीन फ्रेट सांभाळतात, म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत फक्त ९ सेंटिमीटर. चौथा फ्रेट हवा असेल तेव्हा बोट ताणायचं नाही, अख्खा हात कोपरापासून सरकवायचा, अंगठ्यासकट. पाचव्या फ्रेटच्या खाली हीच पद्धत, वर गेलात की एका फ्रेटला एक बोट. करंगळी एकटी पडत नाही, अनामिका तिला धरून असते, हा मोठा फायदा.

मग शॉर्ट स्केल घ्यावा का? ३० इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर साडेअकरा सेंटिमीटर भरतं, आणि त्याच जाडीच्या तारांवर ताण सुमारे २२ टक्के कमी. चांगलं वाद्य आहे, कमीपणाचं अजिबात नाही. पण आत्ता घेऊ नका. सिमांडलची बोटं आणि आखूड पट्टा यांनी तुमची अडचण बहुधा सुटेल, आणि दहा आठवड्यांवर कार्यक्रम असताना नव्या अंतरांची सवय करणं हे डोक्याला वेगळं ओझं. नवरात्र झाल्यावर दुकानात बसून अर्धा तास वाजवून बघा.

तिसरी जागा वाद्याची. पावसाळा चालू आहे. लाकूड ओल धरतं आणि मान हलते. एप्रिलमध्ये बरोबर असलेला सेटअप जुलैत बरोबर असेलच असं नाही. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबून धरा, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत किती फट राहते ते बघा. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर ठीक. एक मिलिमीटरच्या आसपास दिसली तर मान पुढे वाकलीय. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने फिरवला की मान सरळ होते, पण एका वेळी फक्त पाव आटा; मग तारा पुन्हा सुरात लावून दहा-पंधरा मिनिटं थांबून परत मोजा. रॉड अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. मान झाल्यावर १२व्या फ्रेटवर तारेची उंची: ई तारेखाली २ ते २.५ मिलिमीटर, जी तारेखाली १.५ ते २. ती ब्रिजवरच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावरच्या, छोट्या स्क्रूंनी जुळते.

एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते: नट, मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिला आणि दुसरा फ्रेट विनाकारण कडक लागतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढी फट हवी, नखाएवढी नको. खाचा खोल करणं हे घरी करायचं काम नाही, कानस एकदा जास्त फिरली की नट बदलावा लागतो.

तारा ४५-१०५ च्या ४०-९५ करा, म्हणजे थोड्या बारीक. आणि आता काळी एक.

तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या डाव्या हाताला विसावा न मिळण्याचं एक मोठं कारण तेच आहे. काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, सी शार्प. तो षड्ज धरला तर बेसच्या मोकळ्या तारा कुठे येतात बघा: ई तार कोमल गंधार, ए तार कोमल धैवत, डी तार कोमल रिषभ, जी तार तीव्र मध्यम. शुद्ध स्वरांच्या गाण्यात यातली एकही कामाची नाही. म्हणजे तीन तास प्रत्येक स्वर दाबूनच काढायचा, एकदाही हात सैल सोडायला जागा नाही.

चारही तारा अर्धा स्वर खाली उतरवा. ई उतरून काळी दोन होईल, ए काळी चार, डी काळी एक, जी काळी तीन. आता गायकाच्या षड्जावरून बघा: रिषभ, पंचम, षड्ज, मध्यम. चारही मोकळ्या, चारही कामाच्या. बोटं सफेद दोनची, म्हणजे डीची वापरायची, गाणं काळी एकमध्ये वाजेल. वर तारांचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. तारा थोड्या ढिल्या वाटतील, जोरात ओढल्या तर फ्रेटवर खडखडतील. जोर कमी करायचाच आहे, तेव्हा हे शिक्षकासारखं काम करेल. ताण घटल्यावर मान किंचित मागे जाते, म्हणून वरचं माप तारा उतरवल्यानंतरच घ्या. ट्यूनरमध्ये ए स्वराचा संदर्भ ४४० हर्ट्झवरून हलवायची गरज नाही, नुसतं डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्पवर लावा. दुसऱ्या पट्टीचा गायक किंवा गायिका मध्ये येत असेल तर त्या गाण्यांचं गणित आधी कागदावर मांडून ठेवा. मंचावर ऐनवेळी घोळ नको.

चौथी जागा कानाची. हात नीट असलेला माणूसही स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की आपोआप जोरात ओढतो आणि घट्ट दाबतो. गरब्याच्या मैदानात ढोल, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, आणि तुमचा ॲम्प जमिनीवर, पोटऱ्यांना ऐकवत. ॲम्प खुर्चीवर किंवा रिकाम्या पेटीवर चढवा, नाहीतर मागे टेकवून तोंड तुमच्या कानाकडे करा. ॲम्पवरचं 'बेस'चं बटण वाढवू नका. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. गोंगाटात तुम्हाला स्वर कळतो तो त्याच्या वरच्या पटींवरून. म्हणून 'मिड'चं, म्हणजे मधल्या स्वरांचं, बटण वाढवा, २५० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान. साउंडवाल्याला आधीच सांगून मॉनिटरमध्ये किंवा इअरफोनमध्ये स्वतःचा बेस आणि किक (ड्रमचा पायाचा ठोका) दोन्ही घ्या. मग ॲम्पचा आवाज नेहमीपेक्षा वाढवा आणि बोटांचा जोर निम्म्यावर आणा. ऐकणाऱ्याला तेवढंच मोठं ऐकू येईल.

पाचवी जागा बेसपासून लांब आहे. कळवा ते ऐरोली बाइकने, विटाव्याच्या रेल्वे पुलाखालची कोंडी, पुढे दिघ्यापर्यंत पहिला-दुसरा गिअर. क्लच कोणत्या हाताने दाबता? त्याच डाव्या, त्याच पकडीने, मनगट थोडं मुडपून, जाता-येता शेकडो वेळा. पावसात तर जास्तच. दुखणं बसेपर्यंत गाडी घरी ठेवा: कळव्याहून एक स्टेशन उलटं ठाण्याला या आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोली. लोकलमध्ये कडी उजव्या हाताने धरा. बाइक अटळच असेल तर मेकॅनिककडून क्लचची केबल बदलून किंवा तेल घालून लिव्हर हलकी करून घ्या, आणि सिग्नलला क्लच दाबून न थांबता न्यूट्रल करा. ऑफिसात कीबोर्ड कोपराच्या उंचीला, मनगट टेबलाच्या धारेवर टेकवायचं नाही. एवढं पुरे.

रबरी चेंडू कपाटात टाका. पकडीचे जे स्नायू आधीच थकलेत त्यांनाच तो आणखी कामाला लावतो. तुमच्यात बळ कमी नाही, ते जास्त वापरलं जातंय.

दहा आठवडे कसे वापरायचे ते डॉक्टरांचं म्हणणं पाळून असं आखा. पहिले दहा दिवस डावा हात फ्रेटवर लावायचाच नाही. फुकट जातील असं समजू नका: गाणी ऐका, बेसची ओळ तोंडाने गा, कोणत्या स्वरावर कुठे सरकायचं ते वहीत लिहा. तोंडपाठ ओळ हात कमी जोराने वाजवतो. उजवा हात, फोड बरा झाल्यावर, मोकळ्या तारांवर दहा-दहा मिनिटं चालू द्या.

अकराव्या दिवसापासून डावा हात: दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, सातव्या फ्रेटच्या वर, मेट्रोनोम ६० वर. सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटं कोमट पाण्यात हात, मग सावकाश वाजवूनच हात तापवायचे. थंड हात ओढून ताणायचे नाहीत. ताण द्यायचाच तर वाजवून झाल्यावर, कळ न येता, १५-२० सेकंद. दोन सत्रांत निदान अर्धा तास. किती वाढवायचं ते रात्री ठरवायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवायचं. उठल्यावर दुखणं कालच्याइतकं किंवा कमी असेल तर दर दोन दिवसांनी प्रत्येक सत्रात दोन मिनिटं वाढवा. जास्त असेल तर दोन दिवस मागच्या वेळेवर जा. असं करत सहाव्या आठवड्याच्या आसपास २०-२५ मिनिटांची तीन सत्रं व्हावीत, आणि तिथून पुढे दर २५ मिनिटांनी पाच मिनिटं बेस खाली, हा नियम कायमचा. सलग तीन तास पुन्हा नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत उभं राहून, मंचावरच्याच पट्ट्यावर, ऑर्केस्ट्राबरोबर.

उजव्या तर्जनीचा फोड: फोडू नका. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवा, वरची कातडी कापू नका, खालच्या नव्या कातडीचं तेच झाकण आहे. दोन-तीन दिवस पट्टी, मग बघा. कातडीवर चिकटद्रव्य लावून वाजवण्याचे प्रकार ऐकायला मिळतात, ते करू नका. घाम आणि घाण आत अडकते. फोड येतो तो बोट तारेखाली खोल गेल्याने. टोकाचा फक्त तीन-चार मिलिमीटर भाग तारेला लागावा, बोट तारेवरून सरकून पुढच्या तारेवर टेकावं. तर्जनी-मधलं-तर्जनी-मधलं काटेकोर चालवा. एकाच बोटाला फोड आलाय याचा अर्थ ती दुप्पट काम करतेय. उजवं मनगटही बघा: बेसच्या वरच्या काठावर हात रेलून बोटं खाली लोंबत असतील तर तेही मुडपलेलं आहे. पट्टा आखूड झाल्यावर कोपर थोडं मागे घ्या, ते सरळ होतं. आणि प्रत्येक वेळी वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा, वरून आणि खालूनही. आपल्याकडच्या दमट हवेत घामाची तार चटकन गंजते, आणि खरखरीत तार कातडी सोलते.

नऊ रात्रींसाठी गाण्यांचा क्रम ठरवताना संचालकांशी आत्ताच बोला. सगळी ऑक्टेव्हची धावपळ सलग नको. दोन जलद गरब्यांनंतर एक मोकळ्या तारांवर चालणारं गाणं मागा. उजव्या हाताचीही पाळी लावा: काही गाणी बोटांनी, काही अंगठ्याने तळहात तारेवर टेकवून, काही पिकने. मध्यंतरात चहाचा कप उजव्या हातात, डावा खाली सैल. आणि तुमच्या गाण्यांची यादी पाठ असलेला एखादा कीबोर्डवाला शोधून ठेवा, जो दोन-तीन गाणी डाव्या हाताने बेस सांभाळेल. कुठल्याही रात्री सकाळचं दुखणं वाढलेलं आढळलं तर त्या रात्रीची पहिली तीन गाणी त्याला द्या आणि चौथ्याला मंचावर जा.